खालचा जबडा

“मग या दाढा झिजल्या कशावर? हवेवर?”

दातांच्या डॉक्टरने हे कुणाला उद्देशून विचारलं नव्हतं. शेजारच्या दंतविभागातून चार दिवसांसाठी मागून घेतलेली ती मुलगी तोंडाने अखंड बडबडणारी, पण हाताने चोख. काम करताना ती हाडांशी, पेनाशी, खिडकीशी, कुणाशीही बोलायची. त्यामुळे टेबलापलीकडे नोंदवही उघडून बसलेल्या बाईने, जी गेली तेवीस वर्षं ही हाडांची खोली एकहाती सांभाळत होती, मान वर केली नाही. तिने वहीत आधीचा रकाना पूर्ण केला, पट्टीने रेघ ओढली आणि मग सहज पाहिलं. डॉक्टरच्या डाव्या हातात चौदा नंबरची कवटी होती आणि उजव्या हातात चौदा नंबरचा खालचा जबडा.

“ताई, हे बघा ना. वरच्या दाढा दोन्हीकडच्या नाहीतच. आणि मेल्यानंतर पडलेल्या नाहीत हं, जिवंतपणीच काढलेल्या. दहा-पंधरा वर्षं तरी आधी. खळगे भरून आलेत, हाड कसं गुळगुळीत झालंय. आणि खाली बघा. चारही दाढा सपाट, घासून घासून. वर कुणी नसताना खालचं झिजेल कसं? टाळी काय एका हाताने वाजते?” तिने जबडा कवटीला लावून पाहिला, काढला, पुन्हा लावला. “सांधा बसतोय बरा. कुणीही फसेल. पण हा जबडा या बुवाचा नाही.”

“बुवाचा?”

“बुवाच की. भुवईवरचं हाड बघा, कानामागचा उंचवटा बघा. आता तुम्हाला मी काय सांगणार, तुमचा जन्म गेला यात.”

“विजोड म्हणून नोंदवते,” वहीवरची बाई म्हणाली. आवाज नेहमीसारखा आला, याचं तिला थोडं नवल वाटलं. “जबडा असू दे चौदालाच. नंतर बघते मी.” आणि वहीत चौदासमोर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, विजोड. अक्षर चांगलं आलं. वेलांटीसुद्धा नीट वळली. डॉक्टर पंधरा नंबरकडे वळली आणि पंधराशी बोलू लागली. ती मात्र त्या शब्दाकडे पाहत राहिली. अनोळखी गावातल्या पाटीकडे आपण पाहतो तशी. अक्षरं वाचता येतात, पण पुढे जायचं कुठे ते कळत नाही.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. शरीररचना विभागाच्या जुन्या इमारतीत, एका बाजूला भिंतभर काचेची कपाटं, दुसऱ्या बाजूला बेसिन आणि लांब टेबल. एकूण एकशे बारा कवट्या, सहाशेच्या वर सुटी हाडं. शुक्रवारी हे सगळं जाणार होतं. विभागात आता प्लास्टिकच्या प्रतिकृती आल्या होत्या. हुबेहूब, धुता येणाऱ्या, कुणाच्याही नसलेल्या. खऱ्या हाडांना विद्युतदाहिनीत सन्मानाने निरोप द्यायचा, असं वर ठरलं होतं आणि देहदान केलेल्यांच्या घरच्यांना पत्रं गेली होती. पत्रात एक ओळ अशी होती की दान केलेले देह नंबराने ठेवले जातात, त्यामुळे कोणतं हाड कोणाचं हे सांगता येणार नाही, कृपया समजून घ्यावे. ती ओळ तिनेच लिहून दिली होती. विभागप्रमुख सरांना ती आवडली होती. “नेमकं लिहिता तुम्ही,” ते म्हणाले होते. आणि ती ओळ लिहिताना तिला चौदा नंबर आठवत होता, कारण चौदा नंबर तिची आई होती.

म्हणजे, असं ती अकरा वर्षं समजत होती.

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. आई गेली त्या वर्षापासून त्याने स्वतःहून केलेला पहिला. मधल्या काळात दोघांनी एकमेकांना कळवायचं तेवढं कळवलं होतं, त्याच्या मुलीचं लग्न, तिचं ऑपरेशन, पण कळवलं म्हणजे बोललं नव्हे. आईने देहदानाच्या कागदावर सही केली होती, हाडं शिकवण्यासाठी ठेवायलाही वेगळी सही केली होती, आणि दोन्ही सह्यांना साक्षीदार म्हणून ती होती. दादाने त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर म्हटलं होतं, “आईला तुझ्या शाळेत दिलीस कापायला. बक्षीस मिळेल तुला.” त्यावर तिने फक्त इतकंच म्हटलं होतं की तिची सही आहे. ते खरं होतं. खरं बोलून माणूस किती दूर जाऊ शकतो हे तिला त्यानंतर हळूहळू कळलं. आणि आता फोनवर तोच दादा घसा खाकरत म्हणत होता, “तुमचं पत्र आलंय. तू तिथेच असतेस ना अजून?”

“तिथेच आहे.”

“त्यात लिहिलंय की सांगता येत नाही कोण कुठलं.”

“हो. नियम आहे तसा.”

“नियम राहू दे. तुला ओळखता येते का गं?”

“कुणाला?”

“कुणाला काय कुणाला!” दादा ओरडला, आणि मग एकदम खालच्या आवाजात, “एकदा तिच्या डोक्यावरून हात फिरवायचाय. मग न्या कुठे न्यायचं ते. ओळखशील?”

“ओळखेन.”

“खात्रीने?”

“दादा, माझं कामच ते आहे.”

तो गुरुवारी सकाळी येणार होता. आज मंगळवार होता.

दुपारी डॉक्टर जेवायला गेली. तिने आपला डबा उघडला, बंद केला, आणि चौदा नंबर समोर ओढला. जबड्याबद्दल शंका नव्हती. तो आईचाच. डाव्या बाजूला हनुवटीच्या जरा मागे बोटाला लागणारा उंचवटा होता, तुटून सांधलेल्या हाडावर येते तशी गाठ. ती नऊ वर्षांची होती आणि दादा चौदाचा, तेव्हा आई स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी काढत होती आणि दादाने गंमत म्हणून स्टूल हलवलं होतं. नुसतं हलवलं. आई शिलाई मशीनच्या कडेवर तोंडावर आपटली. सहा आठवडे तिचा जबडा तारेने बांधलेला होता. घरात तिच्या बोलण्याचा आवाज नव्हता, मशीनचा तेवढा होता. बोलायचं ते ती पाटीवर लिहायची. पहिल्याच दिवशी बाबांनी कसं पडलीस म्हणून विचारलं तेव्हा तिने पाटीवर लिहिलं होतं, पाय घसरला. दादा दाराशी उभा होता. त्याने ते वाचलं आणि तो परसात जाऊन ओकला. पुढे सहा आठवडे नळीने पातळ भरवायचं काम त्याने कुणालाच करू दिलं नाही. आणि उजवीकडची शेवटची दाढ, करड्या चांदीने भरलेली. आई मान मागे टाकून हसली की ती दिसायची. अकरा वर्षांपूर्वी ट्रेमधल्या सात जबड्यांतून हा एक उचलायला तिला निमिषभरही लागलं नव्हतं. जणू त्यानेच हाक मारली.

जबडा आईचा. मग वर आहे तो कोण?

तिने चौदा नंबरचं कपाळ पाहिलं. रुंद, पुढे आलेलं. भुवईवरचं हाड जाड. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती हेच शिकवायची, पुरुषाची ही, बाईची ही, आणि मग म्हणायची, पण म्हातारपणी फसगत होते बरं का, नेहमी सगळ्या खुणा जुळवा. स्वतः तिने जुळवल्या नव्हत्या. तिला एक खूण मिळाली आणि बाकीच्या तिने मान्य करून टाकल्या. आईचं कपाळ रुंदच होतं, तिने मनाला सांगितलं. होतं का? आईला अर्धशिशी होती. महिन्यातून दोनदा तरी ती अंधारात आडवी पडायची आणि म्हणायची, ये गं, दाब जरा. मग ती उशाशी बसून दोन्ही हातांची बोटं पसरून आईची कानशिलं दाबायची. केसांना मशीनच्या तेलाचा वास असायचा. बोटांखाली शीर उडायची, आणि खाली, खूप खाली, हाड असायचं, पण तेव्हा ते हाड नव्हतं, आईचं डोकं होतं. शास्त्र शिकल्यावर तिला त्या भागातल्या स्नायूचं नाव कळलं, तो पंख्यासारखा पसरतो हे कळलं, आणि तिला वाटलं, अरे, हे तर मला माहीत आहे. हे माझ्या बोटांना माहीत आहे. म्हणूनच इतकी वर्षं रोज संध्याकाळी कपाटाला कुलूप लावायच्या आधी ती चौदा नंबरच्या कानशिलांवर क्षणभर बोटं टेकवायची. कुणी पाहत नसे. तिच्यासारख्या बाईने असलं काही करावं हे तिचं तिलाच पटत नसे, तरी करायची. एका अनोळखी म्हाताऱ्याचं डोकं तिने अकरा वर्षं दाबून दिलं होतं. त्याला बिचाऱ्याला अर्धशिशी होती की नाही देव जाणे.

तिला हसू आलं. ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

शाळेच्या सहली यायच्या तेव्हा माहिती सांगायचं काम तिच्याकडे असे. मुली डोळे झाकायच्या, मुलं एकमेकांना ढकलायची, एखाद्याच्या शर्टावर कवटी छापलेली असायची आणि ती विचारायची, याची ही पुरुषाची का बाईची सांग. मग ती सांगायची की फार पूर्वी लोक घरातल्या मेलेल्या माणसाच्या कवटीवर माती थापून पुन्हा चेहरा करायचे, डोळ्यांच्या जागी शिंपले बसवायचे आणि घरातच ठेवायचे. डोंगरातल्या काही गावांत दफनभूमी इतकी लहान की जुनी हाडं काढून नव्या माणसाला जागा द्यावी लागे. तिथे कवटीवर नाव आणि फुलं रंगवून रांगेत मांडून ठेवत. चित्रकार श्रीमंत घरांसाठी फळांच्या शेजारी, पुस्तकाशेजारी कवटी काढत, म्हणजे जेवताना नजर गेली की आठवण राहावी. विद्वान लोक कवटीत मोहरी भरून ती मापात ओतत आणि कोणत्या वंशाच्या माणसात अक्कल किती ते ठरवत; ते ठरवणाऱ्याच्या कवटीत किती मोहरी मावली असती ते कुणी मोजलं नाही. इथे मुलं हमखास हसत. शेवटी ती सांगे की कवटीची भीती वाटते कारण ती हसते असं आपल्याला वाटतं. ती हसत नाही. ओठ नाहीत म्हणून दात दिसतात, एवढंच. खालचा जबडा काढून ठेवा, हसणं गेलं. असं म्हणून ती खरंच जबडा काढून दाखवी. यासाठी तिने चौदा नंबर कधी वापरला नाही. वापरायची ती बोलकीला.

बोलकी म्हणजे परीक्षेची कवटी. नाव मुलांनी ठेवलेलं. तोंडी परीक्षेत तिच्या तळाच्या एकेका छिद्रात झाडूची काडी घालून विचारत, यातून काय जातं? आणि ज्याला येत नसेल तो तिच्याकडे अशा आशेने बघे की आता हीच बोलेल. त्या कवटीला स्वतःचा जबडा नव्हता, मुलांना दाखवताना ती दुसरा कुठला तरी लावी आणि काढी. बोलकीला जबडा का नव्हता, हा प्रश्न मनात आला आणि तिने चौदा नंबर बाजूला सारला.

कारण ते तिला माहीत होतं. अगदी नेमकं माहीत होतं. त्या वर्षी सात देह होते. घरच्या माणसाच्या देहाला हात लावायचा नाही हा विभागाचा नियम, म्हणून ती दोन महिने दुसऱ्या कामावर गेली आणि हाडं स्वच्छ करण्याचं काम निवृत्तीला आलेल्या मदतनीस काकांनी एकट्याने केलं. कोमट पाण्याच्या टबात, सोडा टाकून, आठवडेच्या आठवडे. मांस सुटतं, मग सांधे सुटतात, मग जबडा कवटीपासून वेगळा होतो. म्हणून प्रत्येकाची पिशवी वेगळी, पिशवीला बिल्ला. काकांनी पाणी बदलताना पिशव्यांची तोंडं सोडली असावीत. ती परत आली तेव्हा ट्रेमध्ये सात कवट्या आणि सात जबडे वेगवेगळे पालथे घातलेले होते, भांडी घासून ठेवावीत तसे. जबडे जुळवणं हा तिच्या हातचा मळ होता. तिने आधी तो एक उचलला, गाठीवरून बोट फिरवलं, आणि मग ज्या पहिल्या कवटीत त्याचा सांधा डगमगला नाही त्या कवटीला तो लावला, शाई घेतली आणि दोन्हींवर नंबर टाकला. नंतर बाकीचे पाच जुळवले. पाचही जुळले. उरली एक कवटी आणि एक जबडा, दाढा वर उगवून वाकड्यातिकड्या झालेला, आणि ती दोन एकमेकांना काही केल्या बसेनात. तिने काकांना बोलावून विचारलं. म्हणजे विचारलं नाही, फैलावर घेतलं. दुसऱ्या वर्षाचा जबडा यात आला कुठून म्हणून. काका म्हणाले, “ताई, सातच होते हो. माझ्या हातून सातच गेले.” ती म्हणाली, “मग मी काय खोटं बोलतेय?” काकांच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा होता. ते टब धुवायला गेले. आई शर्ट शिवायची आणि नेहमी म्हणायची, पहिलं बटण चुकलं की शेवटी एक काज उरतं, आणि माणूस त्या काजाला दोष देतो.

विभागाचा दुसरा नियम असा होता की जिला जबडा नाही ती अखंड कवट्यांच्या संग्रहात ठेवायची नाही, शिकवण्यासाठी कापायची.

ती उठली. बोलकी मधल्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, हात पोचेल अशी. कपाळाच्या वरून गोल कापलेली, टोपणासारखा वरचा भाग उचलता येईल अशी, दोन्ही बाजूंना पितळी आकडे. कानशिलांवर लाल रंग, गालाच्या हाडावर लाल पट्टा, कानामागे निळा. स्नायू जिथून निघतो तिथे लाल, जिथे येऊन चिकटतो तिथे निळा. जगभर हीच पद्धत. तिने तिला टेबलावर आणलं, उलटी केली. वरच्या दाढा जागेवर होत्या. मुलांच्या हाताळण्याने सैल झालेल्या, तिनेच कधीतरी गोंदाने बसवलेल्या. सपाट, घासून घासून. मग तिने जबडा घेतला आणि वर लावला. लावला म्हणण्यापेक्षा तो गेला. पेटीचं झाकण स्वतःच्या पेटीवर जातं तसा, उंचवट्यात खळगा, खळग्यात उंचवटा, आणि शेवटी दातांचा दातांवर अगदी बारीक आवाज झाला. हा आवाज तिने आयुष्यात शेकडो वेळा ऐकला होता आणि दर वेळी तिला बरं वाटलं होतं.

आता समोर आई होती. चौकोनी, लहानशी. कपाळ अजिबात रुंद नव्हतं.

तिला करवत आठवली. बारीक दात्यांची, जर्मन, सरांनी खास मागवलेली. कापायच्या आधी कवटीभोवती रबरबँड लावायचा म्हणजे रेषा सरळ येते, ही युक्ती तिची स्वतःची. रबरबँडच्या कडेने पेन्सिल फिरवली होती, मग कवटी मांडीवर टॉवेलात धरून सावकाश, एका लयीत कापत गेली होती. हिवाळ्यातली दुपार होती. ती गुणगुणत होती. हे तिला इतकं स्वच्छ आठवत होतं, की आपण गुणगुणत होतो, चाल कुठली ते आठवेना पण गुणगुणणं आठवत होतं, भुकटी फुंकरीने उडवणं आठवत होतं, ती थोडी ओठांना लागल्याचंही आठवत होतं. टोपण सुटून हातात आलं तेव्हा तिने ते उजेडासमोर धरलं आणि पातळ भागातून गुलाबी प्रकाश आला. सरांनी पाहून म्हटलं, इतका सरळ काप मी कुठे पाहिला नाही. आठवडाभर ती त्या वाक्यावर जगली होती. आई जाऊन चार महिने झाले होते, कशातच मन लागत नव्हतं, आणि त्या आठवड्यात प्रथमच तिला नीट झोप लागली होती. आणि शेजारच्या फळीवर चौदा नंबर बसलेला होता, ज्याच्याकडे पाहून तिने मनात म्हटलं होतं, बघ आई, कसं जमलंय.

अकरा वर्षांत किती मुलं? वर्षाला दीडशे. प्रत्येकाने टोपण उघडलं होतं. कुणीतरी एकदा आत टाचण्या ठेवल्या होत्या आणि तीही हसली होती.

डॉक्टर जेवून आली तेव्हा दोन्ही कवट्या जागच्या जागी होत्या आणि जबडा चौदालाच होता.

बुधवारी ती लवकर आली आणि टर्पेंटाइन, कापूस आणि मऊ ब्रश घेऊन बेसिनशी बसली. निळा रंग बराच निघाला. लाल निघेना. हाड दिसतं तसं घट्ट नसतं, त्याला बारीक भोकं असतात, आणि तिने तेव्हा रंग चांगला मुरवून लावला होता, दोन हात देऊन, टिकावा म्हणून. कानशिलावरचा पंखा फिकट झाला, पण त्याच्या कडा तशाच राहिल्या, सुबक. तिच्या हाताखाली ओलं हाड उजळत गेलं आणि एका क्षणी तिच्या लक्षात आलं की आपण तोंड पुसतोय. तापात आईचं पुसायचो तसं, कपाळावरून खाली, डोळ्यांच्या कडेने. तिने कापूस ठेवला. काप तर पुसता येण्यासारखा नव्हताच. नळ गळत होता, तो तिने घट्ट केला, तरी गळत राहिला.

दादाला सांगायचं, तिने ठरवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने. तो काय करायचं ते करील. पण आईच्या डोक्यावरून हात फिरवायला तो इतक्या लांबून येणार आणि ते डोकं दुसऱ्याचं, हे तिच्याने होणार नव्हतं. आयुष्यभर तिने जे दिसेल तेच लिहिलं होतं. फक्त एकदा, हवं ते पाहिलं होतं. रात्री तिने वाक्यं मनात जुळवून पाहिली. “दादा, माझी चूक झाली” इथपर्यंत ती नीट येत. पुढचं वाक्य “तिला मी” असं सुरू होई आणि तिथेच राही.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास तो आला. सरांनी नातेवाईकांना खोली पाहायची परवानगी दिली होती आणि डॉक्टर अजून यायची होती. दादा दारात धापा टाकत उभा राहिला. केस पांढरे झाले होते, खांदे आत आले होते, पिशवीत कसलीशी फुलं होती. जन्मभर त्याने लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं होतं.

“जिन्याने आलास?”

“तुमच्या लिफ्टचा आवाज ऐकला मी खाली. तिच्यात बसण्यापेक्षा तुमच्याकडे देह दिलेला बरा.” तो हसला आणि लगेच ओशाळला. “तसं नव्हतं म्हणायचं.”

“बस ना दादा. पाणी देते.”

“नको. कुठंय?”

तिने टेबलावर दोन्ही मांडून ठेवल्या होत्या. पांढऱ्या कापडाखाली, शेजारी शेजारी. आधी बोलायचं आणि मग कापड काढायचं, असा क्रम होता. ती म्हणाली, “दादा, आधी मला तुला काही सांगायचंय,” पण तोवर तो टेबलाशी पोचला होता आणि त्याने जवळच्या हाताचं कापड उचललं होतं. खाली बोलकी होती.

तो मागे सरकला. “आई गं.” मग पुन्हा पुढे झाला. पितळी आकड्याकडे, गोल कापाकडे, कानशिलाच्या लाल डागाकडे तो पाहत राहिला; यंत्राचं आतलं पाहायची त्याची जुनी सवय होती. “हे काय केलंय हे? खेळणं केलंय नुसतं.”

“परीक्षेची आहे. शिकवायला लागते.”

“कापलीय पार. रंगवलीय.” त्याचा आवाज बारीक झाला. “हिच्या पोरांना माहितीय का गं, असं केलंय म्हणून?”

तिच्या तोंडात वाक्य होतं. ते सगळं, क्रमाने, तिथे होतं.

दादाने कापड घाईघाईने परत टाकलं, नीट केलं, वर हातही फिरवला, झोपलेल्याला पांघरूण घातल्यासारखा. मग तिच्याकडे वळला. पासष्टीला आलेला माणूस, पण तोंड चौदा वर्षांच्या पोराचं झालं होतं.

“आपली तशी नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली.

“तुम्ही तसं नाही ना केलंत तिचं?”

“नाही दादा. ही बघ.” आणि तिने दुसरं कापड काढलं.

त्याने बराच वेळ हात लावला नाही. मग लावला, आधी दोन बोटं, मग पूर्ण तळवा, आणि त्या रुंद कपाळावरून तो मागे मागे नेत गेला. “किती नितळ ठेवलीयस,” तो म्हणाला. मग त्याचा हात खाली आला, डाव्या जबड्याशी आला, बोट शोधत राहिलं, आणि गाठीवर थांबलं. त्याच्या तोंडून शब्द नाही, नुसता आवाज निघाला. गुडघे टेबलाला टेकवून, डोकं खाली घालून तो त्या गाठीशी काहीतरी पुटपुटत राहिला. तिला ऐकू आलं नाही, ऐकायचंही नव्हतं. ज्याच्याशी तो बोलत होता ते निदान खरं होतं, एवढंच तिने मनात धरलं. हिशेब अर्धा बरोबर आला तर तो बरोबर नसतो हे तिला ठाऊक होतं. तरी धरलं.

“ये ना,” तो म्हणाला. “तूही ठेव हात.”

तिने ठेवला. अकरा वर्षांनी त्याचा हात तिच्या हाताला लागला, खरखरीत, गरम. “मी फार बोललो तुला तेव्हा,” तो म्हणाला. “तू नीट सांभाळलंस तिला. मी नसतं सांभाळलं इतकं.”

तिने मान हलवली. ती कशासाठी हलवली हे त्याने विचारलं नाही.

मग डॉक्टर आली, मदतनीस आले, खोक्यांची जमवाजमव सुरू झाली. उद्याच्या गाडीसाठी सगळी खोकी तळमजल्यावर नेऊन ठेवायची होती. प्रत्येक कवटी आपल्या जबड्यासह एका खोक्यात, वर नंबर. चौदा भरताना दादा शेजारी उभा होता. जबडा तिच्या हातात होता, आणि दोन हातांच्या अंतरावर, कापडाखाली, तो ज्याच्यावर बसतो ते होतं. फक्त दोन हात. दादा म्हणाला, “तो असा ठेवतेस? हलणार नाही ना वाटेत?” तिने कापूस घेतला आणि जबडा त्या म्हाताऱ्याच्या खाली नीट बसवला, भोवती कापूस दाबला, झाकण लावलं. डॉक्टरने काही म्हणायला तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्या अखंड बोलणाऱ्या मुलीने तोंड मिटलं.

“हे मी नेतो खाली,” दादा म्हणाला. “मी नेलेलं चालेल ना?”

“चालेल.”

त्याने खोकं छातीशी धरलं, वर फुलं ठेवली. तिने दुसऱ्या खोक्यात बोलकी ठेवली, टोपणाचे आकडे अडकवून, कापूस लावून. जबड्याच्या जागी कापूस जरा जास्त लागला. मदतनीस घ्यायला पुढे आला, ती नको म्हणाली. दोघं जिना उतरू लागली, तो पुढे, ती मागे. पायऱ्या झिजलेल्या होत्या आणि तो दर वळणावर थांबून वर बघायचा, लहानपणी शाळेतून येताना बघायचा तसा, मागची येतेय ना.

दुसऱ्या मजल्यावर त्याने तिच्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं. “ती रंगवलेली का ही?”

“हो.”

“हिचं कुणी येणार नाही?”

“नाही.”

“बेवारस?”

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं. तिने खोकं जरा वर घेतलं, एक हात तळाशी घातला.

“हो,” ती म्हणाली, आणि तो पुढे होईपर्यंत त्याच पायरीवर उभी राहिली.